फौजींची सेवा करणाऱ्या लेकीचं कर्ज कोण फेडणार?



आज बोलायचंय शिक्षणाच्या कर्जाबद्दल. भोर आणि वेल्ह्याच्या गटांच्या बैठकांना आम्ही जातो, तिथे हल्ली एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "ताई, मोबाईलवर आलंय की माजी सैनिकांच्या दवाखान्यात नोकरी केली तर नर्सचं शिक्षणाचं कर्ज सरकार फेडतं. खरं का?" विचारणारीच्या घरात बहुतेक वेळा एक मुलगी नर्सिंगला असते, नाहीतर शिकून बाहेर पडलेली असते आणि बँकेची नोटीस यायची वेळ झालेली असते. म्हणून हा प्रश्न सहज विचारलेला नसतो. त्याच्या उत्तरावर घराचा महिना अवलंबून असतो.

उत्तर आधी सांगून टाकतो. अशी योजना खरी आहे, पण ती अमेरिकेत आहे. आपल्याकडे नाही. कुणी "फॉर्म भरून देतो, दोन हजार द्या" म्हणत असेल तर एक रुपयाही देऊ नका. मात्र एवढं ऐकून रेडिओ बंद करू नका. आपल्याकडे माफी नसली तरी कर्जाचं ओझं हलकं करणाऱ्या चार गोष्टी आहेत. त्या वेळेत मागाव्या लागतात, आणि आपल्या बायांना त्या कुणी सांगत नाही.

तर आधी अमेरिकेचं. तिथे सैन्यातून निवृत्त झालेल्यांसाठी सरकारचं एक मोठं खातं आहे, आणि त्याचे देशभर दवाखाने आहेत. अडचण अशी की आडगावच्या दवाखान्यांना डॉक्टर, नर्स, मानसोपचारतज्ज्ञ मिळत नाहीत. तिथलं वैद्यकीय शिक्षण भयंकर महाग आहे, मुलं डोक्यावर मोठं कर्ज घेऊन बाहेर पडतात आणि जिथे पगार जास्त तिथे जातात. म्हणून सरकारने ठरवलं, ज्या जागा भरत नाहीत त्या जागेवर येणाऱ्याच्या कर्जाला आपण हातभार लावू. पाच वर्षांत मिळून जास्तीत जास्त २ लाख डॉलर, म्हणजे वर्षाला ४० हजार डॉलरपर्यंत. आधी ही मर्यादा कमी होती, २०१८ च्या कायद्याने ती वाढवली.

आता यातली मेख ऐका. सरकार बँकेला परस्पर पैसे भरत नाही. नर्सने वर्षभर स्वतःच्या पगारातून हप्ते भरायचे, भरल्याचा पुरावा द्यायचा, मग सरकार तिला तेवढी रक्कम परत देतं. नोकरी सोडली की पुढचे पैसे बंद. आणि प्रत्येक जागेला हे लागू नाही. जी जागा भरायला अवघड म्हणून जाहीर झाली असेल तिलाच. म्हणजे ही आपल्याला माहीत असलेली कर्जमाफी नव्हे. २००८ साली केंद्राने शेतकऱ्यांना दिली, २०१७ आणि २०१९ साली राज्याने दिली, तेव्हा सोसायटीच्या यादीत नाव आलं आणि कर्ज गेलं. इथे तसं काही नाही. इथे सेवा आधी, पैसे मागून.

आपल्या देशाने नेमका उलटा रस्ता धरलाय, आणि तो रस्ता आपल्या जिल्ह्यातूनच जातो. पुण्यात वानवडीला १९४८ पासून सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे. सगळे त्याला एएफएमसी म्हणतात. तिथे मुलामुलींना कर्ज काढावंच लागत नाही. शिक्षणाचा खर्च सरकार करतं आणि त्याच्या बदल्यात डॉक्टर झाल्यावर सैन्यात अधिकारी म्हणून नोकरी करायची, असं आधीच लिहून घेतं. कमी मुदतीची नेमणूक मिळाली तरी सात वर्षं. नको म्हटलं तर बॉण्डची मोठी रक्कम भरायची. अमेरिकेत शिकताना कर्ज आणि नंतर सुटका. आपल्याकडे शिकताना सुटका आणि नंतर बांधिलकी. दोन्हीकडे सरकार एकच गोष्ट विकत घेतं, ती म्हणजे त्या माणसाची काही वर्षं.

डॉक्टरकीच्या जागा थोड्या आणि स्पर्धा जबर. पण त्याच आवारात नर्सिंगचं महाविद्यालय आहे, आणि आपल्या मुलींसाठी आम्हाला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. सैन्याच्या नर्सिंग सेवेसाठी मुलींना चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग शिकवतात. राहणं, रेशन, गणवेश सरकारचा, शिवाय दरमहा विद्यावेतन. शिकून झालं की अधिकारी म्हणून नेमणूक, खांद्यावर लेफ्टनंटचे दोन स्टार, आणि पाच वर्षं सेवा करण्याचा बॉण्ड. देशभरात मिळून साधारण २२० जागा असतात. पुण्यात ४०, मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ४०. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, ५० टक्के गुण हवेत, आणि आता निवड नीट परीक्षेच्या गुणांवरून सुरू होते. मुलगी अविवाहित हवी. विधवा, घटस्फोटित किंवा कायद्याने विभक्त झालेली बाईही अर्ज करू शकते, पण तिच्यावर कुणाची जबाबदारी नसावी. हे मुद्दाम सांगतोय. गटात अशा तरुण मुली असतात, ज्यांचा संसार वर्षभरात मोडला आणि आता पुढे काय म्हणून त्या माहेरी बसून असतात. वयाची अट २५ वर्षांपर्यंत आहे, तेवढी बघून घ्या.

आपल्या बारावी सायन्सच्या किती मुलींना हे माहीत असतं? नीट म्हणजे फक्त डॉक्टर व्हायची परीक्षा, आणि आपल्याला ते कुठे जमणार, असं म्हणून त्या फॉर्मच भरत नाहीत. आणि मग जूनमध्ये कुठल्यातरी खाजगी नर्सिंग कॉलेजच्या फीसाठी आई गटात कर्ज मागायला येते.

म्हणजे एका टोकाला एएफएमसीची मुलगी, जिला कर्जच नाही. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतली नर्स, जिचं कर्ज सरकार परत करतं. आपली मुलगी या दोन्हींच्या मधे पडते. तिने खाजगी कॉलेजात कर्ज काढून शिक्षण घेतलं आणि पुढे ती माजी सैनिकांचीच सेवा करायला लागली, तरी तिला त्याचं काही मिळत नाही.

हे कसं, ते नीट सांगतो. आपल्या मावळात घरटी फौजी नसला तरी वाडीत एक तरी मेजर सापडतोच. मराठा लाइट इन्फंट्रीत गेलेले, महार रेजिमेंटमध्ये गेलेले, कुणी ड्रायव्हर, कुणी स्वयंपाकी. आज ते सत्तरीला आलेत. गुडघे गेलेत, साखर आहे, कान कमी झालेत. त्यांच्यासाठी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना आहे. ईसीएचएस कार्ड म्हणतात ते हेच. निवृत्तीच्या वेळी एकदाच वर्गणी भरायची आणि मग नवरा-बायको दोघांनाही उपचार मिळतात. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धात पती गमावलेल्या वीरपत्नींना वर्गणी नाही. त्यामुळे तुमच्या वाडीत अशी एखादी आजी असेल आणि तिचं कार्ड काढायचं राहिलं असेल, तर तिला पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा.

या योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टर, नर्स, लॅबवाले, औषध देणारे काम करतात. पण ते सैन्याचे नोकर नसतात. त्यांची नेमणूक कंत्राटी असते आणि ठरावीक मुदतीने तिचं नूतनीकरण होतं. भोरहून किंवा वेल्ह्याहून पहाटेची एसटी पकडून स्वारगेटला उतरायचं, तिथून पुढे रिक्षा, अकराच्या सुमारास रांगेत उभं राहायचं, आणि मग जी मुलगी "आजोबा, बसा, बीपी बघते" म्हणते ती बहुतेक अशी कंत्राटी असते. तिच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज असेल तर तिचा हप्ता तिच्याच पगारातून जातो. फौजींची सेवा केली म्हणून त्यात एक रुपयाही कमी होत नाही.

आमचं मत विचाराल तर हे बदलायला हवं. पण नुसती "माफी द्या" अशी मागणी करून भागणार नाही. अमेरिकेची योजना चालते कारण तिथे पाच वर्षांची नोकरी गृहीत धरलेली असते. ज्या मुलीची नेमणूक थोड्या थोड्या मुदतीची, तिला पाच वर्षांत कर्ज फेडून देतो असं कोण सांगणार? आधी नोकरीला मुदत हवी, मग कर्जाला सवलत. आणि सवलत द्यायचीच तर पुण्यातल्या जागेला नको. जिथे कुणी जायला तयार नाही तिथल्या जागेला द्यावी. घाटाखालच्या म्हाताऱ्या फौजीला पुण्याला यावं लागू नये, दवाखाना त्याच्या जवळ यावा, असा त्याचा उपयोग झाला तर खरा.

असं काही आपल्या राज्यात अगदीच नाही असंही नाही. सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांना बॉण्डप्रमाणे एक वर्ष सरकारी सेवा द्यावी लागते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दरवर्षी नवा तरुण डॉक्टर दिसतो आणि ओळख होईपर्यंत निघून जातो, त्याचं कारण बरेचदा हा बॉण्ड असतो. एक वर्ष म्हणजे गावाला नाही म्हणायला काहीतरी मिळतं, एवढंच.

आता आपल्या हातात काय आहे ते बघू. इथे जरा कागद-पेन्सिल घ्या.

शैक्षणिक कर्जात शिकत असताना आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता मागत नाहीत. बँकेत याला मोरॅटोरियम म्हणतात. घरच्यांना वाटतं, हप्ता नाही म्हणजे व्याज नाही. तसं नसतं. व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं, फक्त मागत नाहीत. समजा मुलीच्या चार वर्षांच्या नर्सिंगसाठी दरवर्षी १ लाख, असे ४ लाख उचलले आणि व्याज १० टक्के. पहिल्या लाखाला पाच वर्षांचं व्याज लागतं, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला तीन, चौथ्याला दोन. झाले १ लाख ४० हजार. हप्ता सुरू व्हायच्या दिवशी कर्ज ४ लाख नसतं, ५ लाख ४० हजार असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे ७,१०० रुपये. हे व्याज चढलंच नसतं तर हप्ता सुमारे ५,३०० असता. महिन्याला १,८०० रुपयांचा फरक, तोही दहा वर्षं.

हे मधल्या काळाचं व्याज केंद्र सरकार भरतं. ही योजना २००९ सालापासून आहे. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. आपल्या गटातल्या बहुतेक घरांना हे लागू पडतं. पण अटी आहेत, आणि आपण त्यातच अडकतो. कर्ज शेड्यूल्ड बँकेचं आणि शैक्षणिक कर्ज म्हणूनच घेतलेलं हवं. पतसंस्थेचं, सोसायटीचं, सोन्यावरचं, किंवा "वैयक्तिक कर्ज पटकन होतं" म्हणून घेतलेलं कर्ज यात बसत नाही. नर्सिंग कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता हवी. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला बँकेत द्यायला हवा. आणि मुलीने शिक्षण मधेच सोडलं तर, आजारपणाचं कारण सोडून, हा लाभ जातो. बारावीनंतर लग्न ठरवायची घाई असेल तर हेही ध्यानात घ्या. बँक आपणहून सांगेल याची वाट बघू नका. कर्ज मंजूर होतानाच विचारा, "व्याज अनुदानाचा अर्ज कुठे करायचा?"

उत्पन्न साडेचार ते आठ लाखांच्या मधे असेल तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना बघा. १० लाखांपर्यंतच्या कर्जावर त्याच मधल्या काळात व्याजात ३ टक्के सूट. मात्र ती देशातल्या निवडक संस्थांपुरती आहे. कॉलेज यादीत आहे का ते प्रवेशाआधी बघायचं.

इतर मागासवर्गीय घरांसाठी राज्याच्या ओबीसी महामंडळाची व्याज परतावा योजना आहे. देशात शिकायला १० लाखांपर्यंतचं कर्ज, आणि १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज परत मिळतं. इथेही अमेरिकेसारखंच आहे. आधी हप्ते वेळेवर भरायचे, मग व्याज परत येतं. थकवलं तर काही नाही.

पण सगळ्यात चांगलं कर्ज म्हणजे न काढलेलं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एकच, प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून झालेला हवा. एजंटने मॅनेजमेंट कोट्यातून जागा "करून दिली" की ही माफी गेली. पाच-दहा हजारांत जागा मिळाली म्हणून आपण खूश होतो आणि लाखांची फी गळ्यात पडते. वसतिगृह आणि मेसचा खर्च मात्र यात नाही. कर्ज काढायचंच तर तेवढ्यापुरतं काढा.

वडील माजी सैनिक असतील आणि हुद्दा अधिकाऱ्याच्या खालचा असेल, तर पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. बारावीला ६० टक्के हवेत. मुलीला महिन्याला ३,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३६ हजार. मुलाला २,५००. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतल्यावर अर्ज करायचा असतो. फौजीची मुलगी नर्स होऊन फौजींचीच सेवा करणार असेल तर तिला मिळणारी खरी मदत आज ही आहे. नातीला मात्र मिळत नाही, वडिलांचीच सेवा धरतात.

बँकेत गेलात आणि साहेबांनी सातबारा मागितला, तर घाबरून लगेच काढून देऊ नका. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारणही लागत नाही आणि बाहेरचा जामीनदारही. आई-वडील सहकर्जदार म्हणून सही करतात, तेवढं पुरतं. साडेसात लाखांपर्यंत सरकारची हमी योजना आहे, तिथेही तारण लागत नाही. नम्रपणे विचारा, "साहेब, हमी योजनेत बसवता येईल का?" नाही म्हणाले तर कारण लेखी मागा. लेखी मागितलं की बरेचदा सूर बदलतो. आणखी एक. शिकत असताना दर महिन्याला नुसतं व्याज भरत राहिलात तर बऱ्याच बँका व्याजदरात १ टक्का सूट देतात, आणि मुलींना अर्धा टक्का वेगळी. पहिल्या वर्षी १ लाखाचं महिन्याचं व्याज आठशे-साडेआठशे रुपये होतं. दुधाच्या पगारातून जमत असेल तर भरा. मात्र ज्यांना व्याज अनुदान मिळणार आहे त्यांनी ही घाई करू नये.

आता गटाचं. मुलीचा हप्ता थकला की आई गटात येते आणि अंतर्गत कर्ज मागते. आपल्या बऱ्याच गटांचा दर महिना २ टक्के, म्हणजे वर्षाला २४. दहा टक्क्यांचं कर्ज फेडायला चोवीस टक्क्यांचं घेतलं. व्याज गटातच राहतं, हे खरं, पण ते जातं एकीच्याच घरातून. म्हणून एखाद-दुसऱ्या महिन्याची अडचण असेल तर गटाने जरूर द्यावं, पण सहा-सहा महिने गटातून हप्ता भरू नये. त्याऐवजी मुलीला घेऊन बँकेत जा आणि मुदत वाढवून हप्ता लहान करून मागा. शैक्षणिक कर्जाची मुदत १५ वर्षांपर्यंत जाऊ शकते. एकूण व्याज वाढेल, पण थकबाकीचा शिक्का बसणार नाही. तो शिक्का एकट्या मुलीला बसत नाही. सहकर्जदार म्हणून सही आईची असेल तर तिच्याही सिबिलला लागतो, आणि उद्या गटाचं बँक कर्ज करताना साहेब तिचं नाव काढून दाखवतात.

मुलीला नोकरी लागून ती आयकराच्या जुन्या पद्धतीने कर भरत असेल, तर भरलेलं व्याज उत्पन्नातून वजा करता येतं, आठ वर्षांपर्यंत. आपल्यातल्या थोड्याच मुलींना याचा उपयोग होईल, पण ज्यांना होईल त्यांनी सोडू नये.

येत्या बैठकीला एवढं करा. ज्यांच्या घरात शैक्षणिक कर्ज आहे त्यांनी मंजुरीपत्र आणि बँकेचा उतारा घेऊन या. त्यावर योजनेचं नाव, व्याजाचा दर आणि हप्ता सुरू व्हायची तारीख असते. ज्यांची मुलगी यंदा बारावीला आहे त्यांनी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढायला टाका. नीटचा फॉर्म कधी निघतो हे तिच्या कॉलेजातल्या सरांना विचारून ठेवा, आणि फॉर्म भरताना सैन्याच्या नर्सिंगची माहिती त्यांच्याकडून तपासून घ्या.